कोपर दुखायचे थांबले, म्हणून ते फेकीला तयार झाले असे नव्हे

वाचकाचे पत्र

ताई, मी ठाण्यातील एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. कळव्याला राहते आणि शाळेपासून भालाफेक करते. सराव दादोजी कोंडदेव स्टेडियमवर असतो. जानेवारीत एका फेकीच्या वेळी उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला कळ आली आणि हात सरळ होईना. एमआरआयमध्ये आतल्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा, अर्धवट फाटल्याचे दिसले. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची गरज नाही असे सांगितले. दोन महिने फेक पूर्ण बंद ठेवली, मग जूनपर्यंत फिजिओथेरपी केली. दुखणे पूर्ण थांबले होते, म्हणून जुलैअखेरीस मैदानावर जाऊन पूर्ण रनअपने सात-आठ फेकी केल्या. तेव्हा काहीच झाले नाही, पण दुसऱ्या दिवशी कोपर सुजले आणि आठवडाभर दुखले. सर म्हणतात, डिसेंबरची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सोडू नकोस, हे शेवटचे वर्ष आहे. आई म्हणते, उजव्या हाताचा आयुष्यभराचा प्रश्न आहे, खेळ सोड. ओळखीचे एक मालिश करणारे गृहस्थ चार वेळा चोळून बरे करतो म्हणतात. मैत्रीण इंजेक्शन घ्यायला सांगते. नीरज चोप्रा आठ महिन्यांत परतला, मग माझेच का लांबते आहे? आता भाला हातात घेतला तरी भीती वाटते. मी काय करू?
एक वाचक, कळवा

उत्तर

प्रिय वाचक,

तुझ्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तू एका वाक्यात सांगून पुढे गेली आहेस. फेकताना काहीच झाले नाही आणि सूज दुसऱ्या दिवशी आली, हे ते वाक्य. ते नीट समजून घेतलेस, तर बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतील, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

फेकीच्या शेवटच्या टप्प्यात तुझी कंबर आणि छाती पुढे वळलेली असतात, खांदाही पुढे निघालेला असतो आणि भाला धरलेला हाताचा पुढचा भाग मात्र अजून मागेच असतो. त्या क्षणी कोपर आतल्या बाजूने उघडू पाहते, आणि त्याला उघडू न देण्याचे मुख्य काम हे लिगामेंट करते. हा ताण सेकंदाच्या अगदी लहानशा भागापुरता येतो, पण तो इतका मोठा असतो की प्रत्येक जोरदार फेकीत लिगामेंट आपल्या क्षमतेच्या काठावर काम करत असते. रोजच्या जीवनात अशी वेळ कधीच येत नाही. लिहिताना, बादली उचलताना, पोळ्या लाटताना किंवा स्कूटर चालवताना कोपर दुखत नाही याचा अर्थ एवढाच, की ते या कामांसाठी बरे झाले आहे. शिवाय स्नायूंची ताकद काही आठवड्यांत परत येते, तर लिगामेंटला रक्तपुरवठा कमी असल्याने त्याची वीण घट्ट व्हायला कितीतरी महिने लागतात. जुलैअखेरीस तुझे पाय, कंबर आणि खांदा पूर्ण रनअपला पुरेसे ताजेतवाने होते, आणि त्यांनी निर्माण केलेला सगळा वेग शेवटी त्या अर्धवट भरलेल्या लिगामेंटवर येऊन पडला. त्या दिवशी शरीर तापलेले होते, मनात उत्साह होता, म्हणून काही जाणवले नाही, आणि रात्रभरात सूज चढली. फेकीचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो, हे यापुढे तुला प्रत्येक सरावाच्या बाबतीत लक्षात ठेवायचे आहे.

तेव्हा पहिले काम, तुझ्या अस्थिरोग तज्ज्ञांना पुन्हा भेटणे. सूज उतरली असली तरी भेट टाळू नकोस. जानेवारीची फाट तेवढीच आहे की जुलैत वाढली, हे हाताने तपासल्याशिवाय आणि गरज पडल्यास पुन्हा एमआरआय केल्याशिवाय कळणार नाही. खर्चाची अडचण असेल, तर तुझ्या घराजवळच महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे. जुन्या एमआरआयचा अहवाल आणि फिल्म दोन्ही बरोबर ने आणि एक प्रश्न आवर्जून विचार, की फाट लिगामेंटच्या कोणत्या टोकाला आहे. दंडाच्या हाडाकडील वरच्या टोकाची अर्धवट फाट शस्त्रक्रियेविना भरून येण्याची शक्यता चांगली असते, तर हाताच्या पुढच्या भागातील हाडाकडे, म्हणजे खालच्या टोकाला झालेली फाट त्या मानाने हट्टी असते. दुसरे, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात का, ती बोटे बधिर होतात का, हे त्यांना सांग. कोपराच्या आतल्या हाडामागून जी नस जाते, जिला धक्का लागला की हातात झिणझिण्या येतात, तिच्यावर दाब येत असेल, तर आखणी पूर्णपणे वेगळी होते आणि उपचाराला उशीर करण्यात शहाणपण नसते.

मालिशबद्दल माझे मत स्पष्ट आहे: नको. कोपर हा सांधा जोराने चोळून घेण्यासारखा नाही. दुखावलेल्या कोपराला दाबून, ओढून किंवा बळजबरीने सरळ करून चोळले, तर आजूबाजूच्या स्नायूंत हाड तयार होऊन सांधा कायमचा आखडण्याचा धोका असतो, आणि असे कडक झालेले कोपर पुन्हा मोकळे करणे फार कठीण असते. हे गृहस्थ चांगल्या हेतूने म्हणत असतील, त्यांच्या हाताला यशही असेल, पण फाटलेले लिगामेंट चोळल्याने जुळत नाही. इंजेक्शनचा प्रश्न थोडा निराळा आहे, कारण मैत्रीण कोणत्या इंजेक्शनबद्दल बोलते आहे हे तू लिहिलेले नाहीस. स्टेरॉइडचे असेल, तर ते दुखणे झाकते आणि ऊतींना दुबळे करू शकते, म्हणून ज्या लिगामेंटकडून आपल्याला ताकद हवी आहे तिथे ते घेणे अयोग्य ठरेल. स्वतःच्याच रक्तातून वेगळा काढलेला प्लेटलेटयुक्त भाग टोचण्याचा उपचार काही अर्धवट फाटींत केला जातो. त्याचे परिणाम संमिश्र आहेत, तो महाग आहे आणि त्यामुळे पुढचा व्यायाम टळत नाही. तुझ्या डॉक्टरांनी सुचवला तर विचार कर, मैत्रिणीने सुचवला म्हणून नको. आणि वेदनाशामक गोळी घेऊन फेकायला जाणे मात्र कधीच नको, कारण आपल्याला सावध करणारी एकमेव खूण त्याने पुसली जाते.

आईची काळजी रास्त आहे आणि तिला देण्यासारखे उत्तरही आपल्याकडे आहे. हे लिगामेंट मुख्यतः डोक्यावरून फेकण्याच्या क्रियेत ताणले जाते, आणि अर्धवट फाट असलेली माणसे घरकाम, नोकरी, लिखाण, प्रवास सगळे व्यवस्थित करतात. खेळ सोडला नाही तर हात आयुष्यभरासाठी जाईल ही भीती तिने मनात ठेवू नये. मात्र दुखत असताना वर्षानुवर्षे फेकत राहिले, तर सांध्यात हाडाचे काटे आणि सुटे तुकडे तयार होतात, कोपर पूर्ण सरळ होत नाही, आणि त्या अर्थाने आई चुकीचे बोलत नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना तिला बरोबर ने. तिने हे तुझ्याकडून ऐकण्यापेक्षा तिथे बसून स्वतः ऐकावे.

आता नीरजबद्दल. त्याच्या उजव्या कोपरावर मे 2019 मध्ये मुंबईतच शस्त्रक्रिया झाली आणि जानेवारी 2020 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पॉचेफस्ट्रूम येथे 87.86 मीटर फेकून त्याने टोकियो ऑलिंपिकची पात्रता गाठली. आठ महिन्यांचा तुझा हिशेब बरोबर आहे, पण दुखापत वेगळी होती. त्याच्या सांध्यात हाडाचे सुटे तुकडे होते आणि ते दुर्बिणीने काढून टाकण्यात आले. तुकडे काढल्यावर सांधा मोकळा होतो. लिगामेंट मात्र काढायचे नसते, ते भरून यायला हवे असते, आणि त्याला त्याचा वेळ लागतो. त्या आठ महिन्यांत नीरजने काय सोडले, तेही पाहा. 2019 च्या शरदात दोहा येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेला तो मुकला. त्या वेळी तो आशियाई आणि राष्ट्रकुल विजेता होता, त्याच्यावरचा दबाव तुझ्या माझ्या कल्पनेपलीकडचा असेल, तरी ती स्पर्धा त्याच्याविना झाली.

तुझ्या दुखापतीच्या अधिक जवळचे उदाहरण बेसबॉलमध्ये आहे. टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरचे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचे, हेच लिगामेंट 1974 मध्ये तुटले. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हातातील एक कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, काढून कोपरात लिगामेंटच्या जागी बसवला. तोपर्यंत अशी दुखापत म्हणजे फेकणाऱ्याची कारकीर्द संपली असेच मानले जाई. त्याने 1975 चा संपूर्ण हंगाम सोडला, 1976 मध्ये तो परतला आणि 1989 पर्यंत खेळला. ती शस्त्रक्रिया आज त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि भालाफेकपटूंवरही केली जाते. मी हे तुला शस्त्रक्रियेकडे वळवण्यासाठी सांगत नाही. तुझी फाट अर्धवट आहे, तू अजून टप्प्याटप्प्याने फेकून पाहिलेलेच नाहीस, आणि तो प्रयत्न नीट झाल्याशिवाय चाकूचा विषय काढण्याचे कारण नाही. परंतु तो प्रयत्न प्रामाणिकपणे करूनही यश आले नाही, तर पुढे रस्ता आहे, त्याला साधारण वर्षभर लागते, आणि तो अनेकांनी चालून दाखवला आहे, एवढे मनाशी असू दे.

फेकीला हात लावण्याआधी काय जमले पाहिजे, ते आता सांगते. दोन्ही हात समोर ताठ केले असता उजवे कोपर डाव्याइतकेच सरळ झाले पाहिजे. आतल्या हाडाच्या टोकाखाली बोटाने दाबले असता दुखता कामा नये. डॉक्टर किंवा फिजिओ कोपराला बाहेरच्या दिशेने ताण देऊन तपासतात, त्यात वेदना नसावी. उजव्या मुठीची पकड डावीपेक्षा कमी नसावी. यानंतर खांदा पाहा. पाठीवर झोपून दंड बाजूला ताठ ठेव, कोपर काटकोनात वाकव आणि तळवा पायांकडे झुकवत हात जमिनीकडे ने. डाव्या हाताच्या मानाने उजवा खूपच आधी अडत असेल, तर खांद्याच्या मागची बाजू आखडली आहे आणि तो अडलेला भाग फेकताना कोपराकडून वसूल केला जातो. फेकणाऱ्यांमध्ये हे फार आढळते आणि कुशीवर झोपून करण्याच्या ताणाने ते हळूहळू सुटते. तुझ्या फिजिओकडून ती कृती एकदा प्रत्यक्ष शिकून घे.

ताकदीच्या व्यायामात मला तीन जागा महत्त्वाच्या वाटतात. मनगट वाकवणारे आणि तळवा खाली वळवणारे स्नायू कोपराच्या आतल्या बाजूवरच पसरलेले असतात आणि ताणाचा वाटा उचलून लिगामेंटला सांभाळतात. त्यांच्यासाठी हलका डंबेल आणि एका टोकाला वजन असलेली काठी पुरते, पण ते व्यायाम आठवड्यातून तीनदा, खंड न पडता व्हावे लागतात. दुसरी जागा पाठीच्या वरच्या भागाची, खांद्याच्या फऱ्याभोवतीची, जिथे रबर बँडचे कंटाळवाणे वाटणारे व्यायाम कामी येतात. तिसरी जागा पायांची, आणि भालाफेकीत हिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. भाल्याला मिळणारा वेग जमिनीतून निघून पाय, कंबर, धड, खांदा आणि कोपर या क्रमाने वर चढत जातो. डावा पाय रोवून शरीर अडवले नाही, तर तो वेग धडातून निसटतो आणि तेवढा भाला लांब नेण्यासाठी हाताला एकट्याने राबावे लागते. तुझा हात थांबलेला आहे, पाय थांबलेले नाहीत. एका पायावरचे स्क्वॅट, पायऱ्या, उड्या, पोटाचे आणि कमरेचे व्यायाम हे सगळे आजपासूनच करता येतील. या हंगामात तुझे डावे मांडीचे स्नायू पक्के झाले, तर तुझ्या कोपराला त्याचा जेवढा फायदा होईल, तेवढा कोणत्याही औषधाने होणार नाही.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला असे धरून पुढची आखणी सांगते. सप्टेंबर दोन्ही हातांनी मेडिसिन बॉल, म्हणजे व्यायामाचा जड चेंडू, फेकण्यासाठी ठेव. एक किलोपासून सुरुवात, आधी छातीपासून, मग डोक्यावरून भिंतीवर. पाऊस असला तरी जिमखान्यात किंवा इमारतीच्या पार्किंगमध्ये हे जमते. ऑक्टोबरमध्ये एका हाताने चेंडू. येथे एक खुबी आहे. टेनिसचा चेंडू अगदी हलका म्हणून सुरक्षित वाटतो, परंतु हलक्या वस्तूने हाताचा वेग वाढतो आणि वेगही कोपराला ताणतो, म्हणून मी क्रिकेटच्या सीझन बॉलने सुरुवात करायला सांगते. तो दीडशे ग्रॅमच्या आसपास असतो आणि कोणत्याही मैदानावर मिळतो. पुढे चारशे ग्रॅमचा फेकीचा चेंडू. नोव्हेंबरमध्ये उभ्याने भाला, आणि तोही आधी अठरा वर्षांखालील मुलींचा पाचशे ग्रॅमचा, मग तुझा सहाशेचा. डिसेंबरमध्ये तीन पावले, जानेवारीत पाच, फेब्रुवारीत रनअप वाढवत नेणे. सर्व काही सुरळीत गेले, तर मार्चअखेरीस किंवा एप्रिलमध्ये तू पूर्ण जोराने फेकू शकशील. हे महिने कोपराच्या परवानगीने पुढे सरकतात, कॅलेंडरच्या नव्हे. एखाद्या टप्प्यावर तीन आठवडे जास्त लागले, तर ते लागू द्यायचे.

फेकीचे दिवस आठवड्यातून तीन, मध्ये किमान एक दिवस सुट्टी. सुरुवातीला वीस-पंचवीस फेकींहून जास्त नको, आणि फेकींची संख्या व जोर एकाच आठवड्यात दोन्ही वाढवायचे नाहीत. जोर मोजण्याबाबत विशेष सावध राहा. बेसबॉलच्या पिचरना अर्ध्या जोराने फेकायला सांगून मोजमाप केले, तेव्हा ते प्रत्यक्षात पाऊणहूनही अधिक वेगाने फेकत असल्याचे आणि कोपरावरचा ताणही अर्ध्यापेक्षा बराच जास्त असल्याचे दिसून आले. मनाला अर्धा वाटणारा जोर हाताला अर्धा नसतो. म्हणून जोर मनाने ठरवू नकोस, अंतराने ठरव. मैदानात दहा मीटरवर एक खूण ठेव आणि भाला त्या खुणेजवळ जमिनीत रुतेल असा फेक. पुढच्या आठवड्यात खूण पंधरावर ने, मग वीसवर. खुणेच्या पलीकडे भाला गेला, तर ती फेक चुकली असे समजायचे, ती कितीही सुंदर झाली असली तरी. तुझ्यासारख्या खेळाडूला हेच सर्वांत अवघड जाईल, कारण लांब गेलेला भाला पाहून आनंद होण्याची सवय इतक्या वर्षांत अंगात मुरलेली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपराची परीक्षा घ्यायची. खांद्यामागे किंवा हाताच्या मांसल भागात जडपणा असेल आणि तो दिवसभरात उतरत असेल, तर ती कामाची खूण आहे, ठरल्याप्रमाणे पुढे जा. आतल्या हाडापाशी दुखत असेल किंवा हात कालइतका सरळ होत नसेल, तर दोन दिवस थांब आणि परत आल्यावर मागच्या टप्प्यापासून सुरुवात कर. प्रत्यक्ष फेकताना आतल्या बाजूला कळ आली, तर त्या दिवशी आणखी एकही फेक नाही. सरांनी आग्रह केला तरी नाही. हे सगळे एका वहीत लिहीत जा: फेकी किती, अंतर किती, भाला कोणता, सकाळी कोपर कसे. दोन महिन्यांनी ती वही तुला कोणाही तज्ज्ञापेक्षा जास्त सांगेल.

तंत्राबद्दल मला तुझी फेक न पाहता जे सांगता येईल तेवढेच सांगते. कोपराच्या आतल्या बाजूची दुखापत झालेल्या फेकपटूंमध्ये एक दोष वारंवार दिसतो. भाला कानाशेजारून, खांद्याच्या वरून जाण्याऐवजी हात बाजूने गोल फिरून येतो आणि कोपर खांद्याच्या रेषेखाली पडते. तसे झाले की आतल्या लिगामेंटवरचा ताण वाढतो. याचे मूळ बहुधा हातात नसते. डावा पाय उशिरा पडतो किंवा वाकतो, धड डावीकडे झुकते, आणि हात घाईने पुढे येतो. कोणाला तरी मोबाइलवर मागून आणि उजव्या बाजूने संथ गतीचे चित्रण करायला सांग आणि सरांबरोबर बसून पाहा. उभ्याने फेकण्याचे हे महिने दोष सुधारण्यासाठी उत्तम आहेत, कारण धावेचा वेग नसल्यामुळे चूक लपत नाही. थकल्यावर हा दोष हमखास परत येतो, म्हणून पायांचा जड व्यायाम फेकीच्या आधी करायचा नाही. आणि पावसाळ्यात ओल्या गवतावर रनअपने भाला कधीही फेकू नकोस. रोवलेला डावा पाय घसरला की थांबवण्याचे सगळे काम हातावर येते. ठाण्यात पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो, आणि आपल्या आखणीत तोपर्यंत धाव नाहीच.

काही लहान गोष्टी. कळवा ते ठाणे अंतर थोडेच असले, तरी गर्दीच्या लोकलमध्ये उजव्या हाताने वरची कडी धरून लोंबकळू नकोस, डावा हात वापर. सॅक दोन्ही खांद्यांवर असावी. पोटभर जेव. डाळी, अंडी, दूध, शेंगदाणे, मासे यांतले जे घरी चालते ते रोज असू दे, कारण दुखापतीच्या काळात वजन वाढेल या भीतीने खाणे कमी करणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्या आहेत आणि त्यांच्या दुखापती रेंगाळतात. पाळी अनियमित झाली असेल, तर तेही डॉक्टरांना सांग. लाजू नकोस, हाडे आणि लिगामेंट यांच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

भीतीबद्दल तू शेवटी एक ओळ लिहिली आहेस आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. ज्या हालचालीने इजा झाली, ती हालचाल पुन्हा करताना शरीर आखडते, हे सर्वांच्या बाबतीत घडते आणि त्यात दुबळेपणा काही नाही. परंतु आखडलेल्या अंगाने केलेली फेक घातक असते. खांदा मोकळा सुटत नाही, हात राखून फेकला जातो आणि कोपर मध्येच अडते. त्यामुळे भीती असताना धीर करून पूर्ण जोराने फेकून टाक, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस. दहा मीटरच्या खुणेवर शंभर वेळा न दुखता भाला रुतला, की शरीराला आपोआप विश्वास येतो, आणि तो विश्वास कोणाच्या समजावण्याने येत नाही. शंभर फेकींनंतरही भाला उचलताना छाती धडधडत असेल, तर क्रीडा मानसोपचाराची मदत घेण्यात कमीपणा नाही.

राहिला डिसेंबर. माझे मत असे, की तू ती स्पर्धा खेळू नयेस. त्या वेळी तू फार तर तीन पावलांवर असशील, आणि स्पर्धेत नाव पुकारल्यावर तीन पावलांची फेक करून परत येणारा खेळाडू मी पाहिलेला नाही. प्रेक्षक, प्रतिस्पर्धी आणि शेवटची संधी ही जाणीव यांपुढे सगळे नियम गळून पडतात. शेवटचे वर्ष हा मुद्दाही पूर्ण खरा नाही, कारण तू पदव्युत्तर शिक्षणाला प्रवेश घेतलास, तर विद्यापीठासाठी खेळता येते, आणि जिल्हा व राज्य स्तरावरच्या खुल्या स्पर्धांना तर महाविद्यालयाची अट नसतेच. सरांशी बोलताना त्यांना नकार देतेस असे वाटू देऊ नकोस. त्यांनी तुला इतकी वर्षे घडवले आहे आणि त्यांनाही तू फेकताना हवी आहेस. डॉक्टरांचा लेखी अभिप्राय आणि ही महिन्यांची आखणी घेऊन त्यांच्याकडे जा. उभ्याने फेकीचे चित्रण पाहणे, खूण कुठे ठेवायची हे ठरवणे, पायांचे व्यायाम आखणे ही कामे त्यांच्या हाती सोपव. प्रशिक्षकाला करण्यासारखे काही दिले, की स्पर्धेचा आग्रह बहुधा आपोआप ओसरतो.

फाट लिगामेंटच्या कोणत्या टोकाला आहे, जुलैनंतर ती वाढली आहे का, आणि बोटांना मुंग्या येतात का, हे तपासणीनंतर मला कळव. फाट खालच्या टोकाला असेल, तर वर दिलेल्या महिन्यांमध्ये चेंडूचा टप्पा निदान सहा आठवड्यांनी पुढे ढकलावा लागेल आणि त्या मधल्या काळासाठी मनगटाच्या व्यायामांची वेगळी आखणी मी तुला लिहून पाठवीन. डॉक्टरांची भेट होईपर्यंत भाला मैदानाच्या खोलीतच राहू दे.

तुझी,
ताई